पट्ट्याचे वळ

४ जानेवारी

बेकरीवाल्याने आज मशीन भिरकावलं. माझ्यावर नाही, भिंतीवर. पण त्याच भिंतीला पाठ लावून मी उभी होते. कानाजवळून गेलं, त्यातलं पाण्याचं भांडं फुटलं आणि माझी अख्खी बाही भिजली.

"माणसाला झोपवायचं सोडून नाकात वारा भरता!" असं ओरडला. मी म्हटलं, "वारा नाकात नाही, डोक्यात भरलाय तुमच्या." त्यावर त्याने भट्टीतलं लांब दांड्याचं फावडं उचललं. बायको मध्ये पडली, तिला कोपर बसलं. मी फावड्याचा दांडा धरला तो सोडलाच नाही. दोघं धापा टाकायला लागलो तेव्हा कुठे तो खाली बसला. मग बघते तर काय, त्याला दिलेला मास्क दाढीवर नीट बसतच नव्हता. फटीतून हवा थेट डोळ्यांत जात होती. रात्रभर डोळ्यांत वारा घेऊन कोण शहाण्यासारखा वागेल? नुसता नाकावर बसणारा छोटा मास्क दिला, दोन शिव्या घातल्या आणि निघाले.

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना कळलंच. म्हणाल्या, "पेशंटशी झोंबाझोंबी केलीत? घरी जाऊन रोज चार ओळी लिहीत जा, डोकं थंड राहील." म्हणून ही वही.

माझं काम सांगायला सोपं आहे. झोपेत काहींचा घसा मिटतो, श्वास अडकतो, माणूस गुदमरून दचकतो, पुन्हा झोपतो, पुन्हा गुदमरतो. रात्रभर हेच. सकाळी डोकं जड, दिवसभर पेंग, आणि नाकावर राग. आमचं मशीन नळीतून हवा सोडतं, घसा उघडा राहतो. पण हे आयुष्यभर लावायचं असतं, आणि इथेच घोडं पेंड खातं. सहा महिन्यांत निम्मी मशिनं माळ्यावर जातात. ती जाऊ न देणं हे माझं काम. डॉक्टरीणबाई त्याला सातत्य म्हणतात. मी खनपटीला बसणं म्हणते.

१२ जानेवारी

धाकट्याला क्रेनवरून उतरवलं. माझा भाऊ, गोदीत मोठी क्रेन चालवतो. काल भर दुपारी केबिनमध्ये त्याचा डोळा लागला. लटकलेली पेटी फिरली, दिव्याच्या खांबाला धडकली आणि खांब आडवा झाला. खाली साखळ्या अडकवणारा हूकवाला उडी मारून वाचला. तो बिचारा हसतच मला सांगत होता, "ताई, तुमचा भाऊ वरून खांब टाकून आमची उंची मोजतो."

फोरमनने धाकट्याला फाटकावर बसवलं. धाकट्याने त्याची गचांडी धरली. फोरमनच्या नाकाचं हाड मोडलं. हात लागला, दुसरं काही नाही. फोरमनही खवचट आहे.

तपासणी आम्हीच केली. डॉक्टरीणबाईंनी आलेख बघून कपाळाला हात लावला. श्वास अडकणं कसलं, अडकून अडकून मध्ये चुकून श्वास येतो अशी गत. फोरमन म्हणतो, "महिनाभर मशीन लावल्याचा कागद आण, मगच शिडी चढ." म्हणजे कागद नाही तर क्रेन नाही, आणि क्रेन नाही तर माझा धाकटा काहीच नाही. फाटकावर बसून तो वेडा होईल.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरचा माणूस आहे, दुसऱ्या कुणाकडे देऊ या." मी साफ नाही म्हटलं. लोकांच्या खनपटीला बसते आणि स्वतःच्या भावाला वाऱ्यावर सोडू?

१५ जानेवारी

धाकट्याकडे मशीन बसवायला गेले. खुर्चीत बसवलं, मास्क तोंडाजवळ नेला आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्याने हात फिरवला. दिवा फुटला, माझं मनगट सुजलं. घामाने निथळत होता. एवढा दांडगा माणूस, कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटला.

त्याला तोंडावर काही आलेलं सहनच होत नाही, लहानपणापासून. रडायला लागला की आमचे वडील, आबा, त्याच्या तोंडावर उशी धरायचे, गप्प होईपर्यंत. आबांचा हात जड, पण माणूस सोन्यासारखा. त्या शिस्तीमुळे तर आम्ही माणसांत आलो. माझ्यावर कधी ती पाळी आली नाही. मी हुशार, मी आधीच गप्प बसायचे.

भावजयीला सगळं समजावलं. फिल्टर कसा बदलायचा, मास्क कोमट पाण्याने कसा धुवायचा. म्हटलं, "झोपेत त्याने काढून टाकला तर तू परत लाव. हे बायकोच्या हातात असतं बघ. मशीन रोजचा आकडा मला पाठवतं. हिरवा म्हणजे रात्रभर लावला, लाल म्हणजे नाही. मला हिरवा दिसला पाहिजे."

ती चिमणीएवढी आहे, आवाजही तेवढाच. म्हणाली, "वन्सं, ते उठले तर?"

"उठला तर झोपव. नवरा तुझा आहे की माझा?"

२२ जानेवारी

लाल. लाल. लाल. रोज लाल.

भावजयीला फोनवर झाडली. "त्याची क्रेन गेली तर तुझ्यामुळे जाईल," असं स्पष्ट सांगितलं. गप्प राहिली. हिच्या गप्प बसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माणसाने निदान उलट बोलावं.

२९ जानेवारी

गेले बघायला. भावजयीचा ओठ फाटलेला, एक डोळा काळानिळा. "रात्री मास्क लावायला गेले," एवढंच म्हणाली. म्हणजे झोपेत हात लागला. होतं असं. गुदमरून उठणारा माणूस भानावर नसतो, हे मी कितीतरी बायकांना सांगितलंय.

तिला युक्ती दाखवली. समोरून वाकायचं नाही, उशाच्या बाजूने उभं राहायचं आणि मागून पट्टा चढवायचा, म्हणजे त्याचा हात पोचत नाही. पलंगावर मी स्वतः आडवी झाले आणि तिच्याकडून दोनदा करून घेतलं. दाराकडे बघत तिने पट्टा दोन्हीदा माझ्या कानालाच अडकवला. धाकटा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "शिक, शिक. ताईकडून शिक."

६ फेब्रुवारी

हिरवा! पूर्ण आठवडा हिरवा! रोज सात तास!

माझा ऊर भरून आला. पलीकडच्या टेबलावरचीला हाक मारून संगणकाचा पडदा दाखवला. आणि गंमत म्हणजे मशीनचा दाबही उतरलाय. हे मशीन घसा मिटायला लागला की आपोआप जोर वाढवतं. धाकट्याला आता जवळजवळ काहीच जोर लागत नाही, मशीन अगदी तळाला चालतंय. इतक्या लवकर इतका फरक मी बघितला नव्हता. जिद्द लागते, आणि ती आमच्या रक्तातच आहे.

फोन केला तर धाकटा म्हणाला, "बघितलंस ना आकडा? झालं ना तुझं समाधान?" आवाज जरा तिरसट होता. सवय नवीन आहे.

१४ फेब्रुवारी

आमची शनिवारची बैठक. पेशंट आणि बायका गोल करून बसतात, आपापली रडगाणी सांगतात. आज टॅक्सीवाला म्हणाला की तो मशीन फक्त रविवारी लावतो. बेकरीवाला खवळला. "म्हणजे सोमवार ते शनिवार आम्हाला चिरडणार काय रे!" टॅक्सीवाल्याने त्याची आई काढली, बेकरीवाल्याने खुर्ची काढली. पाण्याचा जग माझ्या पायावर पडला. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मी दोघांच्या मध्ये हात पसरून उभी होते आणि दोघांपेक्षा जास्त ओरडत होते.

शांत झाल्यावर बेकरीवाल्याला विचारलं, कारण त्याचा आकडा हळूहळू सुधारतोय. त्याने काय केलं तर दिवसा, हिशोबाला बसतो तेव्हा, मास्क नुसता मांडीवर ठेवला. मग हातात धरला. मग मशीन बंद ठेवून नाकाला लावला. मग चालू करून, रेडिओ ऐकत. झोपताना लावायची पाळी सगळ्यात शेवटी. "आपल्याच हाताने लावायचा आणि आपल्याच हाताने काढायचा, मग भीती वाटत नाही," म्हणाला. बरंय, पण ही बैलगाडीची चाल झाली. धाकट्याने आठवड्यात मैदान मारलं. मी सगळ्यांना त्याचं उदाहरण दिलं, आणि भावजयीचंही दिलं, उशाकडून पट्टा चढवण्याची युक्ती दाखवली.

तर बेकरीवाल्याची बायको फटकन म्हणते, "मी नाही हात लावत. नाक त्याचं, श्वास त्याचा. त्या फावड्याच्या दिवसापासून मी दुसऱ्या खोलीत कडी लावून झोपते. काय करायचं ते त्याचं तो करतो."

अशा बायका असल्या की संसार कसे टिकायचे!

२५ फेब्रुवारी

मशीन तपासायला सकाळीच धाकट्याकडे. सगळं लखलखीत. फक्त पट्ट्याच्या चिकटपट्टीत लांब केस अडकलेले. भावजयीला बजावलं, धुताना केस बांधत जा. तिच्या दोन्ही गालांवरून कानांमागे लाल वळ गेलेले होते. उशीची शिवण लागली म्हणाली. उशी बदल म्हटलं.

धाकटा टेबलावर बसल्याबसल्या झोपला, हातातला चहा मांडीवर सांडला. भाजल्यावर उठला आणि कप भिंतीवर फोडला. "दिवसा पेंग येतेय अजून?" विचारलं तर म्हणाला, "फाटकावर बसून दुसरं काय करू?" तेही खरंच. बसून राहिलं की बैलसुद्धा पेंगतो.

निघताना भावजय जिन्यापर्यंत आली. माझी पिशवी धरून ठेवली. "वन्सं, एक दिवस रात्री राहायला या ना."

म्हटलं, "अगं, मला माझ्याच पलंगावर झोप लागते. आणि तुझ्या नवऱ्याचं मशीन इतकं मस्त चाललंय, बघायचं काय त्यात?"

पिशवी सोडली तिने.

९ मार्च

धाकट्याचे कागद घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आलेख बराच वेळ बघितला. "इतका वाईट घसा आणि दाब इतका कमी? पट्टा बांधून निरोगी माणूस झोपलाय असं वाटतं. सही करायच्या आधी त्याला एक रात्र इथे झोपवू."

माझं डोकंच फिरलं. "माझा भाऊ खोटारडा आहे म्हणता?" हे मी टेबलावर हात आपटून म्हणाले, दौतीएवढं ते शोभेचं काचेचं भांडं खाली पडून फुटलं. फोरमन रोज विचारतो, धाकटा रोज जळतो, आणि यांना अजून एक रात्र पाहिजे! त्या म्हणाल्या, "मी असं म्हटलं नाही. पण कागदावर लिहिलंय, वापर प्रत्यक्ष पाहिला. तुम्ही पाहिलाय?"

"पाहिलाय," मी म्हटलं आणि सही केली. माझ्या सहीवर विसंबून त्यांनी त्यांची केली. घरी जाऊन मशीन स्वतः तपासते, आकडा रोज बघते, हे पाहणं नाही तर काय?

संध्याकाळी धाकट्याने मला कमरेला धरून उचललं आणि गरागरा फिरवलं. भावजय ओट्यापाशी उभी होती. तिला म्हटलं, "आता तरी हस की गं."

२४ मार्च

हूकवाला गेला.

लिहिता येत नाहीये, पण लिहिते. लोखंडी नळ्यांचा भारा होता. थांबवायचा तिथे थांबला नाही. खालून सगळे ओरडले, शिट्ट्या मारल्या. हूकवाला साखळी सोडवायला वाकलेला होता. भारा त्याच्या पाठीवर बसला आणि खाली येतच राहिला. फोरमन शिडी चढून केबिनमध्ये गेला तेव्हा धाकट्याचं डोकं क्रेन चालवायच्या दांड्यावर होतं.

फोरमनने मला फोन केला. मोडलेल्या नाकातून बोलतो तसा बोलला. "बाई, तुमचा भाऊ घोरत होता. माणूस मेला खाली, आणि हा घोरत होता."

मी म्हटलं, "शक्य नाही. काल रात्रीही सात तास आहेत."

"मग या आणि बघून जा," म्हणाला. "अजून काढतोय आम्ही त्याला नळ्यांखालून."

गेले. बघितलं. ते नाही लिहीत.

२५ मार्च

पोलिसांनी धाकट्याला ठेवून घेतलंय. सकाळी त्याच्या घरी गेले. डोक्यात एकच, मशीन बिघडलं असणार. बिघडलेलं मशीन दाखवलं की धाकटा सुटेल.

मशीन पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला होतं. ती भावजयीची बाजू. मी पट्टा स्वतःच्या डोक्यावर चढवायला गेले, तर कपाळाच्या पुढे जाईना. माझ्या डोक्यावर बसत नाही तो पट्टा धाकट्याच्या रेड्याएवढ्या डोक्यावर कसा बसेल? दोन्हीकडून टाके घालून आखूड केला होता. चिकटपट्टीत परत ते लांब केस.

भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काल रात्री धाकटा घरी नव्हता, तरी गालांवर वळ. कानांमागे गेलेले. मास्कच्या पट्ट्याचे वळ मी हजार माणसांच्या गालांवर बघितलेत, सकाळी तासभर राहतात. आणि मी हिला उशी बदल म्हणाले होते.

माझ्या अंगात काय शिरलं माहीत नाही. "तू! तू लावत होतीस? माणूस मेला, कळतंय का तुला?" असं किंचाळत मी धावून गेले आणि हात उगारला.

हात खाली यायच्या आत ती भिंतीला टेकून खाली बसली. दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि भराभर म्हणाली, "लावते, लावते, आत्ता लावते."

माझा हात वरच राहिला. असाच वर गेलेला हात मी बघितलाय. आबांचा.

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले, तेव्हा ती बोलली. युक्तीप्रमाणे तिने उशाकडून पट्टा चढवला, त्या रात्री त्याने तिचं डोकं पलंगाच्या दांड्यावर आपटलं. मग मास्क तिच्याच तोंडावर बांधला. "ताईला आकडा पाहिजे ना? दे तिला आकडा," म्हणाला. झोपेत निघाला तर सकाळी मार. आकडा सात तासांच्या खाली आला तरी मार. सुरुवातीला तिला गुदमरायला व्हायचं. मग सवय झाली.

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं की वन्सं," ती म्हणाली. "ओठ दाखवला. तर तुम्ही कुठे उभं राहायचं ते शिकवलंत."

तिला उठवलं, दोन कपडे पिशवीत भरले आणि माझ्याकडे घेऊन आले.

२८ मार्च

चौकशीवाल्यांना सांगितलं. वापर पाहिला नव्हता, पाहिला म्हणून सही केली. डॉक्टरीणबाई आधी एक रात्र तपासू म्हणाल्या होत्या, हेही सांगितलं. हूकवाल्याची आई बाहेर बाकावर बसली होती. ती माझ्यावर थुंकली. मी पुसलं नाही.

नोकरीवर उद्यापासून यायचं नाही. जायच्या आधी शनिवारच्या बैठकीत मला पाच मिनिटं उभं राहू दिलं. बायकांना म्हटलं, "मी शिकवलेलं विसरा. कुणीही कुणाच्या तोंडावर झोपेत मास्क बांधायचा नाही. ज्याचं नाक त्यानेच लावायचा, दिवसा, हळूहळू, महिने लागले तरी चालतील. आकड्यासाठी कुणी तुम्हाला धरलं तर आकडा जाऊ द्या, पळा." बेकरीवाल्याची बायको खाली बघत होती. बेकरीवाला म्हणाला, "बाई, तुमची बैलगाडी मीच ओढतो आता. दर शनिवारी बैठकीची खोली मी उघडीन." त्याच्या नाकावर सकाळचा वळ होता, त्याचा स्वतःचा.

२ एप्रिल

धाकटा जामिनावर सुटला आणि सकाळीच माझ्या दारात आला. आधी गोड बोलला. "ताई, ती म्हणेल की तिने आपणहून लावलं, माझ्या नकळत. एवढंच म्हणायचंय. मग क्रेन नाही तर नाही, तुरुंग तरी टळेल." मी दारात उभी राहिले. म्हटलं, "ती यायची नाही. आणि तसं म्हणायची पण नाही."

"तू कुणाची बहीण आहेस?"

"तुझी," मी म्हटलं. "म्हणून तर दार अडवलंय."

खरंच रडत होता तो. रडत रडतच त्याने मला केसांना धरलं आणि चौकटीवर आपटलं. एकदा, मग परत. शेजारचा सुतार रंधा घेऊन धावत आला तेव्हा धाकटा जिन्यावर बसून तोंडावर हात घेऊन हुंदके देत होता, लहानपणी द्यायचा तसे, आवाज न करता. मला त्याही वेळी त्याच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. हे खरं आहे म्हणून लिहिते.

दवाखान्यात भुवईला टाके पडले. भावजय माझा हात धरून उभी होती. नर्सने कागद पुढे ओढला. "कशाने लागलं?"

सवयीने तोंडातून निघालंच होतं, हात लाग... मग थांबले.

"मारलं," मी म्हटलं. "माझ्या भावाने मारलं. तसंच लिहा. आणि हिलाही मारत होता. हिचंही लिहा, जानेवारीपासून."

भावजयीने माझा हात सोडला आणि टेबलापाशी गेली. इतक्या दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला.

"जानेवारी नको," ती नर्सला म्हणाली. "मशीन यायच्या आधीपासून लिहा. लग्नापासून."